कोळ्याचे कूळ

आनेकल हे बंगळूरच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले तालुक्याचे गाव. काही वर्षांपूर्वी सरकारी बदलीने मला तेथे नेले. मी मूळचा बेळगावचा. तेव्हा कानडी मला परकी नव्हती. तरीही एक शब्द मला तेथे नव्याने भेटला. आमचे घरमालक पिढीजात विणकर. पावसाळ्यातल्या एका सकाळी अंगणातल्या कढीलिंबापासून कुंपणापर्यंत ताणलेले कोळ्याचे जाळे मी छत्रीच्या टोकाने मोडणार, एवढ्यात ते म्हणाले, "राहू द्या साहेब. जेड आहे ती. आमच्यातलीच."

कानडीत कोळ्याला 'जेड' म्हणतात, आणि विणकरालाही तोच शब्द आहे. बसवेश्वरांच्याही आधीचे मानले जाणारे वचनकार जेडर दासिमय्या हे विणकरच होते. आपण मराठी माणसे त्याच जिवाला कोळी म्हणतो. आपल्या डोळ्यांपुढे जाळे टाकून मासे धरणारा दर्यावर्दी उभा राहतो. एका भाषेने त्याच्या ठायी माग पाहिला, दुसरीने शिकार पाहिली. संस्कृताने त्याला ऊर्णनाभ म्हटले, म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे असा. नाव ठेवणे ही वर्गीकरणाची पहिली पायरी असते, आणि त्या पायरीवर बहुधा आपलीच सोय उभी असते. सुश्रुतसंहितेत लूतांचे म्हणजे कोळ्यांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या आठांचा दंश कष्टसाध्य आणि आठांचा असाध्य. वैद्याच्या दृष्टीने ती विभागणी अगदी रास्त होती. पण तीत कोळ्याच्या कुळापेक्षा रोग्याची चिंता अधिक होती.

कोळ्यांची वंशावळ मांडू पाहणाऱ्यांपैकी एक गृहस्थ माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहेत, कारण ते आमच्याच व्यवसायातले. स्वीडनचे कार्ल क्लेर्क हे स्टॉकहोम शहराच्या करखात्यात नोकरीला होते. त्यांनी १७५७ साली स्वीडनमधील कोळ्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ लिनिअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरला जातो. त्याआधीची नावे ग्राह्य धरीत नाहीत. या नियमाला अपवाद केला तो क्लेर्क यांच्या कोळ्यांसाठी. करवसुली करणाऱ्या माणसाच्या हातून एवढे शाश्वत काम झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही!

आपल्याकडे पोकॉक यांचा भारतातील कोळ्यांवरचा ग्रंथ १९०० साली निघाला. पुढे बी. के. टिकादर यांनी महाराष्ट्र आणि म्हैसूर या दोन राज्यांतील कोळ्यांचा एकत्र अभ्यास करून १९६३ साली पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. आमच्या भागात ती वर्षे सीमेच्या वादाची होती, हे मी सांगायला नको. कोळ्यांनी मात्र कोणत्याही आयोगापुढे साक्ष दिली नव्हती. १९८२ साली टिकादरांचा, चाकासारखे जाळे विणणाऱ्या कोळ्यांवरचा खंड आला, आणि भारतातील या कुलाचा पाया पक्का झाला.

या कुलाला शास्त्रात अरानिडी म्हणतात. जगातील ज्ञात कोळ्यांच्या जातींनी २०२२ साली ५०,००० चा आकडा ओलांडला. त्यांपैकी ३,००० हून अधिक या एका कुलातल्या आहेत. आनेकलच्या आसपास फिरताना त्यांचे निरनिराळे वंश सहज भेटतात. जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या रेशमाची फुली काढून तिच्यावर पाय जुळवून बसणारा आर्जिओपी. इंग्रजीत त्याला सही करणारा कोळी म्हणतात. ती सही भक्ष्याला भुलविण्यासाठी, की पक्ष्यांना जाळे दिसावे म्हणून, यावर विद्वानांत अजून एकमत नाही. पाठीवर काटे असलेला, शिंपल्यासारखा कठीण गास्टेराकँथा. खाल्लेल्या किड्यांचा केरकचरा जाळ्यात ओळीने लावून त्यातच दडणारा सायक्लोसा. आणि बन्नेरघट्ट्याच्या रानात वाटेच्या वर भलेमोठे सोनेरी जाळे टांगणारी नेफिला. तिची मादी पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, तर नर काही मिलिमीटरांचा, कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसलेला.

श्रोतेहो, येथवर ऐकून आपला समज होईल की चाकासारखे जाळे विणतो तो या कुळातला, आणि प्रश्न मिटला. माझाही तोच समज होता. पण तंबूसारखे जाळे उभारणारा सिर्टोफोरा पाहा. त्याच्या जाळ्यात चिकट धागाच नसतो, तरी तो याच कुलाचा. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले काही कोळी तर जाळे विणतच नाहीत. एका धाग्याच्या टोकाला चिकट थेंब लावून तो पतंगांवर फेकतात. तेही याच कुलाचे. उलट घराच्या कोपऱ्यात लहानसे आडवे चक्र विणणारा युलोबोरिडी कुलातला कोळी पाहा. आकृती तीच, आरे तेच. पण त्याच्या धाग्यावर गोंदाचे थेंब नाहीत. पायावरच्या फणीने पिंजलेल्या अतिसूक्ष्म तंतूंत भक्ष्य अडकते. शिवाय त्याला विषग्रंथीच नाहीत. सगळे चक्र विणणारे एकाच घराण्यातले, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१४ साली आनुवंशिक द्रव्याची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा कळले की युलोबोरिडींचे जवळचे नाते अरानिडींशी नसून, चक्र न विणणाऱ्या कोळ्यांच्या एका मोठ्या शाखेशी आहे. म्हणजे ही कला एक तर दोनदा स्वतंत्रपणे उपजली, किंवा फार प्राचीन काळी एकदाच उपजून पुष्कळ घराण्यांतून लोपली. धंद्यावरून कूळ ठरविण्याची आपली सवय येथे पुरती फसते.

नेफिलाची कथा तर कोणत्याही कचेरीला शोभण्यासारखी आहे. तिची नस्ती आधी अरानिडी कुलात होती. मग लांब जबड्यांच्या टेट्राग्नाथिडी कुलाकडे गेली. २००६ साली तिला स्वतंत्र कुल मिळाले. २०१७ साली ती पुन्हा अरानिडीकडे वर्ग झाली, आणि काही तज्ज्ञांना तेही मान्य नाही. मात्र आमच्या नस्त्या टोलवाटोलवीने फिरतात. ही फिरली ती दरवेळी नवा पुरावा पुढे आला म्हणून.

आता माझ्या एका सहीविषयी सांगितले पाहिजे. आनेकल तालुक्यात आल्यावर पहिल्याच वर्षी एका तळ्याकाठच्या झुडपी जमिनीची पाहणी माझ्याकडे आली. जमिनीच्या दप्तरात अशा जागेला 'खराब' म्हणतात, महाराष्ट्रात पोटखराबा. लागवडीला अयोग्य, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र त्यापुढे आपल्या अकलेने 'निरुपयोगी' असा शब्द जोडला आणि खाली सही केली. पुढे घरमालकांच्या त्या एका वाक्याने मला कोळ्यांचा नाद लागला. रोज सकाळी त्याच तळ्याकाठी जाऊ लागलो. दवाने भिजलेल्या झुडपांवर एका नजरेत वीस-वीस चक्रे दिसत. ती पाहत असतानाच एके दिवशी यंत्रे आली. माझ्याच अहवालाच्या आधारे ती जमीन साफ होत होती.

तेथे कोणकोण राहत होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. कोळ्याची जात नुसत्या रंगरूपावरून नक्की होत नाही. पूर्ण वाढलेल्या नमुन्याचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. कदाचित सगळे नेहमीचेच असतील. पण याच कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात जावेद अहमद, राजश्री खळप आणि सुमुखा जवगल यांना वाळल्या पानासारखा दिसणारा, जेमतेम सात मिलिमीटरचा एक कोळी सापडला, आणि २०१६ साली तो अरानिडी कुलातली नवी जात म्हणून जाहीर झाला. हॅरी पॉटरच्या कथांतील जादूच्या टोपीसारखा आकार म्हणून त्याचे नाव एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी. ते रान कोणी माझ्यासारख्याने आधी 'निरुपयोगी' ठरविले असते, तर त्या टोपीला मस्तकच मिळाले नसते.

'खराब' हा शब्द दप्तरातून काढणे माझ्या अधिकारात नाही. पण आता पाहणीला गेलो म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात जे डोळ्यांनी दिसले ते लिहितो, आणि जे तपासले नाही त्याला निरुपयोगी म्हणत नाही.

आपणही घरातली धुळकट कोळिष्टके खुशाल झाडावीत. अंगणात मात्र एखादे ताजे चक्र दिसले, तर दिवसभर राहू द्यावे. यांतल्या कित्येक जाती आपले जुने जाळे स्वतःच गिळून त्याच द्रव्यातून नवे विणतात. केरसुणीचे काम ती जेड आपण होऊनच करील.