रेझिन हाताला लागलं तर

मैत्रिणींनो, राख्या, किचेन करताना रेझिन हाताला चिकटलं की आपण आधी थिनरची बाटली उचलतो. तेवढं करू नका. निघाल्यासारखं दिसतं, पण पातळ होऊन ते कातडीत मुरतं. पहिल्यांदा काही वाटत नाही. एकदा का अंगाला त्याचं वावडं झालं, की थेंबभर लागलं तरी पुरळ उठतं आणि हाताशी आलेलं काम सुटतं.

ओलं असतानाच कोरड्या कागदानं टिपा. मग खोबरेल लावून पुसा, साबण आणि कोमट पाण्यानं धुवा. वाळलेलं खरवडू नका, ते हळूहळू आपोआप सुटतं. काजू सोलताना आपण हाताला आधी तेल लावतो ना, तेवढ्यानं इथे भागत नाही. नायट्राइलचे हातमोजेच घाला. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं पाण्यानं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

थिनर हत्यारांपुरतं. काड्या, चमचे ओले असतानाच पुसायचे, मोजे घालून, अंगणात, चुलीपासून लांब. तो चमचा पुन्हा स्वयंपाकात नको गं बायांनो! सिलिकॉनचा पेला पुसतच बसू नका, रेझिन घट्ट झालं की सालासारखं निघतं. उरलेलं मोरीत ओतू नका. पेल्यात जास्त राहिलं तर ते तापतं, कधी धूरही येतो, म्हणून पसरट डब्यात ओतून बाहेर ठेवा.