घराण्याचे शेअर आणि बाजाराचा न्याय

पॅरिसची एर्मेस पेढी १८३७ सालीं घोड्यांचे साज करणारी म्हणून निघाली. आज तिच्या चामडी पिशव्या श्रीमंतीचें भूषण मानल्या जातात. तिचे बहुसंख्य शेअर संस्थापकाच्या वंशजांकडेच राहिले आहेत. २०१० च्या ऑक्टोबरांत त्यांना अकस्मात् कळलें कीं, आर्नो घराण्याच्या ताब्यांतील एल्.व्ही.एम्.एच्. कंपनीनें शेंकडा १४ हून अधिक शेअर हस्तगत केले. बँकांशीं केलेल्या करारांच्या आडोशानें हें साधलें होतें. २०१३ सालीं फ्रान्सच्या बाजार-नियंत्रकांनीं या गुप्ततेबद्दल ८० लक्ष युरो दंड ठोठावला.

शेअर घेणें हा अपराध नव्हे. पण मोठें गिऱ्हाईक आलें आहे हें ठाऊक नसल्यानें लहान भागधारक स्वस्तांत विकून बसतो. घरच्या मंडळींस तर नफातोटा जगाआधीं कळतो. म्हणून युरोपांत जुलै २०१६ पासून संचालकांनीं व त्यांच्या निकटच्या आप्तांनीं स्वतःच्या कंपनीच्या शेअरांचा ठराविक रकमेपुढील व्यवहार केल्यास तो कामाच्या तीन दिवसांत कळवावा लागतो. वार्षिक हिशेब जाहीर होण्यापूर्वींचे ३० दिवस संचालकांस व्यवहारच वर्ज्य असतो.

घराण्याची मालकी दूषणावह नाहीं. मात्र एकदां बाजारांतून लोकांचा पैसा घेतला कीं, लहान भागधारकही मालकच ठरतो. घरांतल्यांना कळलेलें त्यालाही वेळेवर कळलें पाहिजे.