नोकरीतील भेदभाव : ओळख आणि दाद

(जालना येथे ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही शाळेतून निवृत्त झालो, तरी जुने विद्यार्थी अर्ज लिहून घेण्यास आमच्याकडे येतात. पूर्वी ते अर्ज नोकरी मागण्याचे असत. आता नोकरीतील अन्यायाचेही असतात. म्हणून हा विषय आम्ही निवडिला आहे.

भेदभाव आपले नाव सांगत नाही. तो सबब सांगतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना काम मिळे, परंतु अधिक मजुरीचे विणकामखाते त्यांना बंद होते. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, त्याने विटाळ होतो, ही सबब! १९२८ च्या गिरणीसंपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायास वाचा फोडली. तात्पर्य, नोकरी लागली एवढ्यावर समाधान मानू नये. खाते कोणते, वेतन किती, बढती केव्हा, हेही पाहावे.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. परंतु प्रा. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी समान पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठविले, तेव्हा दलित व मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

आपली मुले-मुली जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत व बियाण्यांच्या कंपन्यांत कामास जातात. त्यांस आमचे सांगणे असे : एकाच प्रसंगावरून आरोप करू नका; समान पात्रतेच्या सोबत्यास काय मिळाले, ते ताडून पाहा. ‘जागा भरली’ म्हणून परत पाठविल्यावर तीच जाहिरात पुन्हा निघाली, तर ती जपून ठेवा. दिनांक, शब्द आणि साक्षीदार वहीत टिपा.

तक्रार नेहमी लेखी द्यावी व प्रतीवर आवकचा शिक्का घ्यावा. समान कामास स्त्रीला कमी वेतन मिळाल्यास कामगार कार्यालयात जावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता असा भेद निषिद्ध मानते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान झाल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये पोलिसांत फिर्याद देता येते. सरकारी नोकरीत संविधानाचे १६ वे कलम समान संधीची हमी देते. खाजगी कारखान्यास मात्र ते बांधीत नाही.

तक्रार केल्यास आहे ती भाकरीही जाईल, ही भीती खोटी नव्हे. म्हणूनच संस्थेने अर्ज लिहून देणारी व सोबत कचेरीत जाणारी दोन-चार जाणती माणसे नेमावीत, अशी आमची सूचना आहे. आणि आपल्यापैकी जे आज मालक झाले आहेत, त्यांनी आपल्या दुकानात हाच भेद दुसऱ्या कोणाशी होत नाही ना, हे पाहावे. दुसऱ्याकडे न्याय मागणाऱ्याने तो आपल्या घरी आधी पाळावा, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.