नाव आणि तारीख



आम्ही कायदा कॉलेजात शिकलो नाही. लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाची वाट पाहताना जेवढा कानी पडला तेवढाच आमचा. तेव्हा हवामानबदलाच्या कायद्यावर हे काय बोलणार, असे कुणाला वाटले तर त्यात वावगे नाही.

पण एक खटला वाचला आणि तो आम्हांला ओळखीचा वाटला. खटला पाकिस्तानातला. अश्गर लेघारी नावाच्या शेतकऱ्याने २०१५ साली लाहोर हायकोर्टात अर्ज केला. सरकारने २०१२ साली हवामानबदलाचे धोरण ठरवले, पुढे २०१४ ते २०३० या काळाचा आराखडाही छापला, आणि काम मात्र केले नाही. यात आमचा जगण्याचा हक्क बुडतो, एवढेच त्याचे म्हणणे. न्यायमूर्ती मन्सूर अली शाह यांनी खात्यांना बोलावून घेतले. सांगण्याजोगे त्यांच्याजवळ फारसे नव्हते. तेव्हा कोर्टाने हुकूम केला: प्रत्येक खात्याने एक जबाबदार माणूस नेमावा आणि ३१ डिसेंबरपर्यंत पुरी होतील अशा कामांची यादी द्यावी. देखरेखीला आयोग बसवला.

येथे आम्हांला आमचाच एक करार आठवला. एका कारखान्यात आम्ही पिण्याच्या थंड पाण्याचे कलम घालून घेतले होते. ‘योग्य वेळी योग्य ती व्यवस्था करण्यात येईल.’ केवढा आनंद झाला होता! तीन उन्हाळे गेले. योग्य वेळ काही आली नाही. पुढच्या कराराला आम्ही साहेबाचे नाव आणि १ मार्च ही तारीख घातली. माठ फेब्रुवारीतच आले.

लाहोरचा आयोग २०१८ साली सांगता झाला, की तातडीच्या कामांपैकी सुमारे ६६ टक्के झाली. कागदावरची टक्केवारी आम्ही पुष्कळ पाहिली आहे. तरी शून्यापेक्षा ती बरी. शिवाय २०२२ साली त्याच देशात महापूर आला, सतराशेवर माणसे दगावली. जगाच्या धुरात त्या देशाचा वाटा शंभरात एकाहूनही कमी. परदेशच्या धुराड्यांवर लाहोरचे समन्स बजावता येत नाही, ही त्या निकालाची मर्यादा मानलीच पाहिजे.

आता आपल्याकडे. मार्च २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या कलमांत आहे, असे म्हटले. खटला होता माळढोक पक्षी आणि विजेच्या तारा यांचा. पक्ष्याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्या सोलापूरकडचाच तो. पण हवामानबदलासाठी देशात एकच असा सर्वंकष कायदा नाही, हेही त्याच निकालात नमूद आहे. मग भर दुपारी स्लॅबवर घमेले वाहणाऱ्या बाईने हा हक्क मागायचा कुणाकडे?

बांधकाम मजुरांसाठी आम्ही सध्या एक अर्ज लिहीत आहोत. वकीलसाहेब म्हणतात, आरंभी घटनेचे कलम घाला. ते घालूच. पण त्याखालची पहिली मागणी आम्ही लिहून ठेवली आहे: पारा चढला की काम थांबवण्याचा हुकूम कोणी द्यायचा, त्या अधिकाऱ्याचे नाव १ मार्चपूर्वी फळ्यावर लावावे.