आंबेनळी घाट म्हणजे रेस ट्रॅक नव्हे: पॅड आणि डिस्क निवडताना

गाडी चालवताना ऐकत असाल तर आवाज जरा कमी करा. आजचा विषय ब्रेकचा आहे, आणि ब्रेक काही बिघडलं तर आधी आवाजानेच सांगतात.

महाड-पोलादपूरकडच्या पोरांचा एक प्रश्न सारखा येतो. "दादा, महाबळेश्वरहून उतरताना ब्रेकचा जळका वास येतो. ट्रॅकवाले पॅड आणि भोकांची डिस्क टाकू का?" माझं उत्तर: नको. का, ते हिशेबानेच बघू.

महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर शंभराच्या आत. म्हणजे तुम्ही गाडी, बायकापोरं, स्ट्रॉबेरीच्या पेट्या सगळं घेऊन साडेबाराशे मीटर खाली येता. या उताराची ऊर्जा म्हणजे १०० च्या स्पीडवरून गाडी पूर्ण थांबवणं, असं सुमारे ३० वेळा. गाडी हलकी असो की भारी, आकडा तोच, कारण वजन दोन्ही बाजूंना कटतं. ऐकायला भयानक वाटतं, हो ना? पण उतरायला तास-सव्वा तास लागतो. म्हणजे सरासरी दोन मिनिटांत एकदा १०० वरून थांबणं. त्यातलाही बराच वाटा टायर आणि हवा खातात, आणि गिअरमध्ये असाल तर इंजिन खातं.

आता ट्रॅक बघा. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा किंवा कोइम्बतूरचा कारी ट्रॅक घ्या. तिथे एका लॅपमध्येच तीन-चार वेळा जोरदार ब्रेक, प्रत्येक वेळी मोठ्या स्पीडवरून, दोन-चार सेकंदांत. घाटाच्या कित्येक पट उष्णता, आणि तीही लॅपमागून लॅप. म्हणून ट्रॅकचे बरेच पॅड दीडशे-दोनशे अंश तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. आता विचार करा, सकाळी गाडी काढली, महाडच्या बाजारपेठेत पोरगं आडवं आलं. पॅड थंड. त्या क्षणी तुम्हाला पहिल्याच दाबाला पकडणारा पॅड हवा, चौथ्या लॅपला पकडणारा नाही. शिवाय ट्रॅकचा पॅड किंचाळतो, काळी भुकटी उडवतो आणि डिस्क लवकर खातो.

मग घाटात वास का येतो? गाडी न्यूट्रलवर सोडलेली असते आणि पाय पेडलवर ठेवलेलाच असतो. स्पीड कमी, त्यामुळे डिस्कला वारा कमी, आणि निवायला मोकळा वेळ नाही. इंजिनचं काम ब्रेक करत बसतो. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. वळणाआधी ठाम दाबा, मग पाय पूर्ण काढा. ऑटोमॅटिकवाल्यांनी मॅन्युअल मोड किंवा एल वापरायचा. स्कूटरवाल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगतो: स्कूटरला इंजिन ब्रेकिंग फार कमी, आणि स्पीड उतरला की क्लच सुटतो, तेव्हा तेवढंही नाही. डबलसीट आंबेनळी उतरताना मध्ये थांबून ड्रम गार होऊ द्या. प्रतापगड फाट्यावर चहा घ्या, निमित्त आयतंच आहे.

आता खरी गोष्ट, जिच्यावर कोणी पैसे घालत नाही: ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या कोकणात हवेत पाण्याला काय तोटा! डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलं की हीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. फरक लक्षात ठेवा. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल स्पंजासारखं खाली जातंय, तर ऑइल उकळलंय. दुसऱ्या केसमध्ये कितीही महाग पॅड टाका, उपयोग शून्य. पेडल भराभर पंप करा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदला. पॅडच्या मानाने खर्च किरकोळ आहे.

डिस्कबद्दल थोडक्यात. साध्या गाडीला कंपनीची साधी डिस्क उत्तम. भोकं दिसायला भारी, पण ट्रॅकच्या तापात तडे तिथूनच सुरू होतात. खाचा असलेली डिस्क चालते, पॅड मात्र जास्त झिजतात. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो, त्याला घाबरू नका, दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. पाण्यातून गाडी काढलीत तर मात्र लगेच हलके ब्रेक मारून डिस्क कोरडी करा. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. मेकॅनिक "अजून चालेल" म्हणाला तरी मोजायला लावा. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरवर आला की बदलाच.

ज्यांना खरंच ट्रॅक-डे करायचाय त्यांनी पॅडचा दुसरा सेट डिकीत न्यायचा, तिथे बदलायचा, घरी येताना परत आपला. महाडहून चेन्नई हजार किलोमीटरच्या वर आहे, तेवढ्या प्रवासातच ट्रॅकचे पॅड तुमची डिस्क पोखरतील.

नवे पॅड टाकल्यावर लगेच घाट गाठू नका. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मध्ये गाडी पळवून गार करा. पोलादपूरच्या पोरांनी हे हायवेवर भर रहदारीत करू नये, पहाटे करा.

टायरचे प्रश्न बरेच आलेत, ते पुढच्या भागात.