सही आपली, कागद कुणाचा?

(जुना जालना येथील कामगार सभेत झालेले भाषण)



मी काही भाषण करणारा माणूस नव्हे. चौथी पास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. रातपाळी करून तसाच आलोय, तेव्हा जीभ अडखळली तर सांभाळून घ्या. मला बोलायचं आहे ते एका कागदाबद्दल.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. मी तेव्हा सळईच्या एका कारखान्यात होतो. नाव सांगत नाही. जालन्यात असे कारखाने पुष्कळ. भट्टीतून लाल झालेलं बिलेट निघतं, रोलमधून जाता जाता बारीक आणि लांब होत त्याची सळई बनते. तिथं मी सांडस धरून उभा असायचो. नोकरीला चार वर्षं सात महिने झाले होते. एका पगाराच्या दिवशी बाबूने कागद पुढं सरकवला. वरपासून खालपर्यंत इंग्रजी. मी विचारलं, "साहेब, काय हाय ह्ये?" तो म्हणाला, "पगाराची पावती रे. कर सही, मागं लाईन खोळंबली." मी सही केली. सही तेवढी मराठीत, बाकी सगळा कागद इंग्रजीत. दुसऱ्या महिन्यात कळलं की तो माझा राजीनामा होता! तीच भट्टी, तीच सांडस, पण आता मी ठेकेदाराचा माणूस. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याला सलग पाच वर्षांची नोकरी लागायची. पाच महिने राहिले होते, बंधूंनो, पाच महिने!

माझ्याबरोबर आणखी अकरा जणांचं असंच झालं. त्यातला एक अंगठा उठवणारा होता. तो मला म्हणाला, "मला तं वाचताच येत न्हाई. तू शिकेल हायेस, तू काहून केली सही?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

घरी हे सांगितलं तर माझी आजी हसली. रडायच्या वेळी हसली. म्हणाली, "तुह्या पणज्याचं बी असंच झालं व्हतं. तवा कागद उर्दूत व्हता."

त्या रात्री मला झोप आली नाही. पैसे गेले ते गेलेच, पण पणज्यापासून माझ्यापर्यंत राज्य बदललं, झेंडे बदलले आणि आमच्या घरातला माणूस मात्र न वाचता येणाऱ्या कागदावर हात उमटवीतच राहिला, याचं काय?

निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा १८८४ पर्यंत फारसी होती, पुढं उर्दू झाली. रयत बोलणार मराठी, तेलुगू, कानडी. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही शिक्षण उर्दूतून. मी उर्दूचा दुस्वास करीत नाही. माझ्याशेजारी रोलवर उभे राहणारे कितीतरी भाऊ घरी तीच बोलतात. आणि अर्ज, वकील, फिर्याद हे शब्द काढून टाकले तर आपली मराठी कचेरीत मुकीच होईल. "जालना सोने का पालना" ही म्हण तरी कुठल्या भाषेतली? सांगायचं ते इतकंच की, दाद मागायला गेलेल्या कुणब्याला ती भाषा येत नव्हती आणि येणाऱ्याला पैसे मोजावे लागत होते.

यासाठी आपल्या लोकांनी थोडं का सोसलं? आपल्या परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले. मग १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजातसुद्धा झाली. मला आनंद आहे. पण अभिजात मराठी अजून कारखान्याचं फाटक ओलांडून आत आलेली नाही. वॉचमन तिला बाहेरच थांबवतो.

आणि जुना कागद मेला असं कुणी समजू नये. २०२३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचं आंदोलन पेटलं, सरकारने निजामकाळची दप्तरं धुंडाळायला समिती नेमली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. पणज्याच्या नावचा कागद पणतवाला वाचता येईना! आमच्या नातवंडांनी उद्या आमचे इंग्रजी कागद असेच दुसऱ्याकडून वाचून घ्यावेत काय?

आता कुणी म्हणेल, हा इंग्रजीच्या विरुद्ध बोलतोय. तसं नाही. आपल्या जिल्ह्यात इंग्रजी पहिल्यांदा तोफा घेऊन आली, आसईच्या लढाईत, १८०३ साली. पण आज ती पोटाची भाषा होऊन बसली आहे. हायकोर्टाची पायरी चढलात तर घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे तिथं कामकाज इंग्रजीतच. मग शिकायची नाही असं कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय माझी मुलगी इंग्रजी शाळेत आहे. हे इथं कबूल केलं नाही तर मी लबाड ठरेन. फी भरताना कंबर मोडते, तरी तिथं घातली, कारण तो कागद माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तिच्याच पुस्तकावर मी शिकायला बसलो. तिशी गाठलेला बाप आणि दुसरीतली पोरगी, एकाच दिव्याखाली. इंग्रजी ही मोठी खोडकर भाषा आहे. लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. 'नाइफ' शब्दाच्या आधी एक 'के' उभा असतो, काही काम करीत नाही, फुकट पगार खातो! पोरगी हसायची, मी चिडायचो. पण एकदा दुकानात वाण्याने एकोणसत्तर रुपये झाले म्हटलं, तर ती माझ्या तोंडाकडे बघू लागली. "पप्पा, एकोणसत्तर म्हणजे किती?" मी सांगितलं, सिक्स्टी नाइन. तेव्हा हसायची पाळी माझी होती, पण हसू आलं नाही. मला तिचं पुस्तक येत नाही, तिला माझे आकडे येत नाहीत. एका घरात दोघं दोन काठांवर, जसा आपला जुना जालना आणि नवा जालना, मधून कुंडलिका. पूल रोज रात्री बांधावा लागतो. आता मी तिच्याकडून रोज पाच शब्द घेतो आणि तिला रोज एक पाढा देतो. साडेतेरापर्यंत आलोय.

बाबासाहेब आंबेडकर इंग्रजी किती शिकले, जगाला माहीत आहे. १९५५ साली भाषावार प्रांतांवरचं पुस्तकही त्यांनी इंग्रजीतच लिहिलं. पण आपल्या माणसांशी बोलायचं होतं तेव्हा १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढला तो मराठीत. वर झगडायला एक भाषा, घरच्यांना जागं करायला दुसरी. मला हे फार पटतं.

कायद्याचंही ऐका. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात नववं कलम होतं, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात एकशे आठवं. दोन्हींत सांगितलं होतं की कारखान्यात लावायचा मजकूर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावा. या कायद्यांच्या जागी आणायच्या संहिता संसदेने २०२० साली मंजूर केल्या. पण त्या जुन्या कलमांतली खोच बघा. बोलणं सगळं फळ्यावरच्या मजकुराचं. हातात देऊन ज्यावर सही घेतात त्या कागदाचं नाव तिथं नव्हतं. माझी मान तिथंच अडकली. म्हणून आपली मागणी साधी आहे: ज्या कागदावर कामगाराची सही किंवा अंगठा लागतो, तो कागद मराठीत पाहिजे, खाली हवं तर इंग्रजी घाला. आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या भावाला तो हिंदीत मिळाला पाहिजे. त्याच्याही सह्या माझ्यासारख्याच घेतल्या जातात. भट्टीची धग त्याला काही कमी लागत नाही.

मागणी मान्य होईल तेव्हा होईल. उद्या पगार आहे, तोवर काय करायचं ते सांगून बसतो. बाबूने कागद पुढं केला की म्हणायचं, "साहेब, एक प्रत द्या, उद्या सही करतो." पावतीला उद्याची घाई नसते, घाई केली की समजा, पावती नव्हे. ती प्रत घेऊन संध्याकाळी युनियनच्या खोलीवर या. मी अडखळत वाचीन, जिथं अडेल तिथं वकीलसाहेबांना विचारू. ज्यांना शिकायचंय त्यांनी पाटी आणा. ज्यांच्या जुन्या सह्या झाल्या आहेत त्यांनीही या, लाजू नका. त्या अंगठेवाल्या दोस्ताला मी बोलावलंय. तो पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसणार आहे.