खिडकीच्या आतला कायदा

विधी महाविद्यालयांच्या कार्यालयांत, ग्रंथालयांत, परीक्षा विभागांत काम करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

अशा अधिवेशनाला अध्यक्ष म्हणून एखादे निवृत्त न्यायमूर्ती किंवा ज्येष्ठ प्राध्यापक बोलवायचे, ही आपल्याकडची रीत. ती मोडून तुम्ही एका निवृत्त कार्यालय अधीक्षकाला या खुर्चीवर बसवलेत. आभार मानतो आणि लगेच विषयाला हात घालतो. लांबलचक टिपणी लिहिणाऱ्याची फाइल कोणी वाचत नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले. पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ चे. त्याच्यावरून शहरातल्या एका रस्त्याला आणि एका टेकडीला नाव पडले. इतकी मोठी परंपरा आपल्या क्षेत्राला आहे. पण कुठल्याही जुन्या महाविद्यालयाचा शताब्दी अंक उघडून पाहा. संस्थापक भेटतील, प्राचार्य भेटतील, न्यायमूर्ती झालेले माजी विद्यार्थी भेटतील. आपण भेटतो ते शेवटच्या पानांवरच्या एका समूहछायाचित्रात, बहुधा नावांशिवाय. मला याचा राग नाही. गौरवाची मागणी करायला मी उभाही नाही. वेतनश्रेणी, रिक्त पदे, आश्वासित प्रगती योजना या मागण्या संघटना मांडतेच आहे, आणि त्या रास्त आहेत. मला आज आपल्याच कामाबद्दल बोलायचे आहे.

विधी महाविद्यालयात वरच्या मजल्यावर घटनेच्या तासाला मनेका गांधी खटला शिकवतात. १९७७ च्या जुलै महिन्यात दिल्लीच्या पासपोर्ट कार्यालयाने मनेका गांधींना पत्र पाठवून त्यांचा पासपोर्ट जमा करायला सांगितला. त्यांनी कारण विचारले. सरकारने सार्वजनिक हिताचे नाव पुढे करून कारण द्यायला नकार दिला. त्यातून सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी १९७८ चा निकाल झाला आणि अनुच्छेद २१ चा अर्थच बदलला. माणसाच्या हक्कावर गदा आणणारी कार्यपद्धती न्याय्य, वाजवी आणि मनमानीपासून मुक्त असली पाहिजे, हे तेव्हापासून कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. आता जरा बारकाईने पाहा. हा एवढा मोठा खटला उभा राहिला तो एका कार्यालयातून गेलेल्या एका पत्रामुळे. ते पत्र कोणीतरी टंकलिखित केले असेल, त्याला जावक क्रमांक पडला असेल. राज्यघटनेचा प्रश्न अशा टेबलावरून सुरू होतो.

तास संपला की तोच विद्यार्थी खाली आपल्या खिडकीशी येतो. त्याला मूळ गुणपत्रिका हवी असते, कारण दुसरीकडे अर्ज करायचा आहे. आपण सांगतो, फी बाकी आहे, मिळणार नाही. तो म्हणतो, लेखी द्या. आपण म्हणतो, असे लेखी देत नसतात.

वर काय शिकवले आणि खाली काय झाले, यातले अंतर त्याला कळत नाही असे समजू नका. तो कायदाच शिकतो आहे! विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये अधिसूचना काढून मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवायला मनाई केली. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद पडताळायचे, साक्षांकित प्रती ठेवायच्या आणि मूळ परत द्यायचे, इतके ते सरळ आहे. तरीही कित्येक कार्यालयांतल्या कपाटांत दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचे दाखले वर्षानुवर्षे पडून असतात. हे कोण ठरवते? बहुतेक ठिकाणी व्यवस्थापन ठरवते. शिव्या कोण खातो? खिडकीवरचा लिपिक. आणि कपाटाची किल्ली अनेकदा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या मुलाकडे असते. उद्या त्याचे कंत्राट संपले तर कोणाचा कोणता कागद कुठल्या पाकिटात आहे, हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून तोंडी आदेशावर मूळ कागद अडवू नका. वरून लेखी आदेश मागा. लेखी मागितले की निम्मे आदेश आपोआप विरतात, हा कार्यालयाचा जुना अनुभव आहे.

आता हजेरी. या विषयावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपल्या हातून विद्यार्थ्याचे सर्वांत मोठे नुकसान इथे होऊ शकते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे विधी शिक्षणाचे नियम २००८ चे आहेत. त्यांच्यातला बारावा नियम सांगतो की प्रत्येक विषयात किमान ७० टक्के हजेरी हवी. अपवादात्मक कारण असेल, त्या विषयात निदान ६५ टक्के भरली असेल आणि सर्व विषय मिळून ७० टक्के होत असेल, तर प्राचार्य परीक्षेला परवानगी देऊ शकतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. त्यापुढची ओळ मात्र फारसे कोणी वाचत नाही. अशी परवानगी दिलेल्या विद्यार्थ्यांची यादी, कारणे नोंदवून, बार कौन्सिलकडे पाठवायची असते. कारणे नोंदवून! म्हणजे नियम करणाऱ्यांनीच कार्यालयाकडून कारणमीमांसा मागितली आहे. प्रत्यक्षात काय होते? सत्र संपत आले की डिफॉल्टर लिस्ट नावाचा कागद सूचनाफलकावर लागतो. मग दोन दिवस कार्यालयात वैद्यकीय दाखल्यांची रास पडते. कोणाचा दाखला ग्राह्य धरला, कोणाचा नाही आणि का, याची टिपणी फाइलला सापडत नाही. ज्याच्या ओळखीचे कोणी आहे तो परीक्षेला बसतो, ही कुजबूज तिथूनच सुरू होते. कधी ती खोटी असते. पण फाइल कोरी असली की ती खोटी ठरवता येत नाही.

दिल्लीत २०१६ साली विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. हजेरी कमी भरल्याने त्याला परीक्षेला बसू दिले नव्हते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने मनावर घेतले, पुढे ते दिल्ली उच्च न्यायालयाकडे गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला. हजेरीच्या कारणावरून विधी शाखेच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, असे त्या न्यायालयाने म्हटले आणि हजेरीच्या नियमांचा फेरविचार करायला बार कौन्सिलला सांगितले. निकालाची चिकित्सा प्राध्यापक मंडळी करतील, त्यावर परिसंवादही होतील. माझे लक्ष त्यातल्या तीन साध्या गोष्टींकडे गेले. हजेरीची स्थिती दर आठवड्याला विद्यार्थ्याला कळवा. कमी असेल तर महिन्याला पालकांना कळवा. भरून काढायला जादा तास ठेवा. पहिल्या दोन गोष्टी सरळसरळ कार्यालयाच्या आहेत. त्यांना न्यायालयाच्या आदेशाची गरज नव्हती. जुलैमध्ये गैरहजर राहणाऱ्याला नोव्हेंबरात सांगायचे, ही पद्धत कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. ती आपल्या सवयीत आहे.

यंत्रांनी हे काम सोपे होईल असे सांगतात. बार कौन्सिलने सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बायोमेट्रिक हजेरी आणि सीसीटीव्ही बंधनकारक केले. गुन्हेगारी पार्श्वभूमी, एकाच वेळी दुसरी नियमित पदवी आणि नोकरी यांबाबत घोषणापत्र घ्यायलाही सांगितले. यंत्र बोटाचा ठसा घेते. त्या बोटाचा मालक दोन आठवडे का आला नाही, हे विचारायला माणूस लागतो. शिवाय त्या घोषणापत्रावर अंतिम गुणपत्रिका आणि पदवी अवलंबून आहे. आपल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तहसील कार्यालयातले कर्मचारी येतात, पोलीस येतात, मुले मोठी झाल्यावर शिकायला निघालेल्या गृहिणी येतात. प्रवेशाच्या गर्दीत ‘इथे सही करा’ म्हणून घेतलेल्या सहीचा अर्थ नोकरी करणाऱ्याला त्याच दिवशी समजावून सांगायला हवा. आणि अशा विद्यार्थ्यांसाठी खिडकी अकरा ते एक उघडी ठेवून उपयोग नाही. सकाळच्या पहिल्या तासाआधी अर्धा तास ती उघडा. कामाच्या वेळा आलटून पालटून लावल्या की जमते, जादा माणूस लागत नाही.

पैशाचा भाग याहून नाजूक आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हे त्या मुलींना कोण सांगणार? संकेतस्थळावर आहे, असे म्हणून चालत नाही. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज भरताना आधारवरचे नाव वेगळे, बारावीच्या गुणपत्रिकेवरचे वेगळे आणि लग्नानंतरचे तिसरे, अशी बाई आपल्यासमोर उभी असते. राजपत्रातली नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणे, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर: हा सगळा गुंता प्राचार्यांना सुटत नाही, प्राध्यापकांना सुटत नाही. शिष्यवृत्तीच्या टेबलावरच्या माणसाला सुटतो. तो रजेवर गेला की मुदत टळते. ज्या महाविद्यालयात हे काम फक्त एकालाच येते, तिथे विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती त्या एकाच्या तब्येतीवर अवलंबून असते. दुसऱ्याला शिकवा. कोणी शिकला तर आपले महत्त्व कमी होईल, ही भीती आपल्या व्यवसायाला फार जुनी आहे आणि ती आपल्यालाच नडते.

महाविद्यालय सोडल्याचा दाखला (टीसी) मागायला आलेल्या मुलाकडे नुसता अर्ज म्हणून पाहू नका. शैक्षणिक वर्षाच्या मध्येच कोणी शिक्षण सोडत असेल तर एकदा कारण विचारा. एटीकेटी लागली म्हणून जातोय, खोलीचे भाडे थकलेय, घरी कोणी आजारी आहे, की आणखी काही? लिपिकाने समुपदेशक व्हावे असे मी म्हणत नाही. ते त्याचे शिक्षण नाही आणि भलता सल्ला घातक ठरतो. पण कोणाकडे पाठवायचे हे त्याला माहीत असले पाहिजे. विद्यार्थी विकास अधिकारी कोण, कमवा व शिका योजनेत जागा आहे का, तक्रार निवारण समितीचे आणि अंतर्गत समितीचे सदस्य कोण, मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ वर आहे, एवढा एक कागद प्रत्येक खिडकीच्या काचेला आतून आणि बाहेरून चिकटवा.

ग्रंथालयातल्या सहकाऱ्यांबद्दल दोन शब्द. न्यायालयांचे निकाल ऑनलाइन मिळू लागल्यापासून त्यांचे काम संपले असे काही व्यवस्थापनांना वाटू लागले आहे. ज्यांना असे वाटते त्यांनी मूट कोर्टच्या आदल्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बसावे. केशवानंद भारती खटला म्हटले की एआयआर १९७३, सर्वोच्च न्यायालय, पान १४६१ असे सांगून सरळ शेल्फकडे चालू लागणारे ग्रंथालय परिचर मी पाहिले आहेत. पदवी नाही, वर्ग चारची नोकरी, आणि वकिलीत नाव काढलेले कित्येक जण त्यांना अजून नावाने ओळखतात.

आपल्या खिडकीचे शेवटचे काम वकिलीच्या सनदेचे. बोनाफाईड, गुणपत्रिका, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र हे कागद घेऊन मुले महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जातात. नोंदणी शुल्क कायद्यात ठरले आहे त्याहून जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी सांगितले. ते शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये. हा आकडा फलकावर लावा. कर्ज काढून सनद घ्यायला निघालेल्या मुलाला तो आधी कळायला हवा.

मला कल्पना आहे, तुमच्यातले काही मनात म्हणत असतील की साहेब निवृत्त झाले, आता बोलायला काय जाते. कर्मचारी अपुरे आहेत, विनाअनुदानित महाविद्यालयात हेडक्लार्क, लेखापाल, परीक्षा विभाग आणि प्रवेश असे सगळे एकाच माणसाच्या डोक्यावर आहे, पगार वेळेवर नाही. खरे आहे. माणसे वाढवून मागायलाच हवीत. मात्र मी मागतो आहे त्यातले बरेचसे माणसे न वाढवता होणारे आहे. नकार द्यायचा तर कारण लिहून द्यायचे, कागद घेतला तर पोच द्यायची, मुदत संपण्याआधी कळवायचे. प्रशासकीय कायद्याच्या पेपरात आपलीच मुले यावर उत्तरे लिहितात आणि त्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आपणच बांधतो.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. विद्यार्थ्याचा कोणताही अर्ज नाकारताना नियमाचा क्रमांक आणि कारण लेखी द्यावे, आणि तसे करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी महाविद्यालयाने उभे राहावे, असा त्याचा मसुदा आहे. त्याला हात वर करा. आणि मंजूर झाला तर सोमवारी त्याची प्रत आवक क्रमांकासह आपापल्या प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा.